प्रथिनांच्या रचना एकमेकींवर बसवताना

इ. कोलाय जिवाणूतल्या ॲडेनिलेट कायनेज या विकराच्या दोन रचना प्रोटीन डेटा बँक या प्रथिन-रचनांच्या संग्रहात आहेत. ४एकेई या रचनेत तो रिकामा, उघडा आहे. १एकेईमध्ये एटीपी आणि एएमपी या, तो ज्यांच्यावर काम करतो त्या दोन रेणूंची एकदम नक्कल करणारा एक रेणू पोटात धरून तो मिटलेला आहे. अमिनो आम्लं दोन्हीकडे तीच, २१४. मग हललं काय?

पायमॉल या रेणूंच्या रचना दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘फेच’ ही आज्ञा देऊन दोन्ही रचना उतरवून घ्या. प्रत्येकीत ए आणि बी अशा दोन साखळ्या आहेत. साखळी न सांगता ‘अलाइन’ (एक रचना दुसरीवर बसवणारी आज्ञा) चालवलं, तर त्या दोघींची स्फटिकातली आपसातली मांडणीही हिशेबात घुसते. म्हणून दोन्हीकडून साखळी ए आणि तिचे फक्त अल्फा कार्बन (प्रत्येक अमिनो आम्लाचा मधला कार्बन अणू) घ्या. आज्ञेत आधी लिहिलेली रचना हलते, नंतरची जागेवर राहते.

आतलं गणित वोल्फगांग काब्श यांनी १९७६ साली मांडलं. दोन्ही रचनांचे मध्यबिंदू एकत्र आणायचे, मग जोडीतल्या अणूंमधल्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असं एकीला फिरवायचं. त्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ म्हणजे आरएमएसडी.

आता गोम अशी, की ‘अलाइन’ पाच फेऱ्यांत न जुळणाऱ्या जोड्या आपणहून वगळतं आणि उरलेल्यांचाच आकडा सांगतं. आकडा छान दिसतो, पण शेजारी छापलेली अणूंची संख्या २१४ पेक्षा कमी असते. ती संख्या न देता आरएमएसडी सांगणं म्हणजे नापास मुलं वगळून वर्गाची सरासरी सांगणं. ‘सायकल्स’, म्हणजे या फेऱ्यांची संख्या, शून्य करा. आरएमएसडी सुमारे ७ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) जाईल. कायमेरा-एक्स या तशाच दुसऱ्या प्रोग्रामचा ‘मॅचमेकर’ या बाबतीत जास्त सरळ आहे: गाळलेल्या जोड्यांचा आणि सगळ्या जोड्यांचा, असे दोन्ही आकडे तो देतो.

पण ते ७ अँगस्ट्रॉमही फारसं काही सांगत नाहीत. वर्ग केल्यामुळे लांब गेलेले अणू जास्त वजन खातात, आणि सगळ्यांना थोडं थोडं खूश करण्याच्या नादात न हललेला गाभाही हलल्यासारखा दिसतो. त्यामुळे आधी गाभाच बसवा: अवशेष (साखळीतली अमिनो आम्लं) १–२९, ६०–१२१ आणि १६०–२१४. लगेच दिसतं, की १२२–१५९ हे झाकण आणि ३०–५९ हा एएमपी धरणारा भाग, हे दोन्ही गाभ्यावर मिटतात. झाकण किती सरकलं ते मोजायला ‘आरएमएस-कर’ वापरा. ते रचना न हलवता आहे त्या स्थितीत मोजतं. इथे पुन्हा ‘अलाइन’ दिलंत तर झाकणावर झाकण बसेल आणि हालचालच पुसली जाईल.

दोन प्रथिनांतल्या अमिनो आम्लांच्या अनुक्रमात साम्य फारच कमी असेल, तर ‘अलाइन’ जोड्याच चुकीच्या लावतं. तिथे फक्त आकार बघणारं ‘सीई-अलाइन’ बरं. मात्र त्यात क्रम उलटा आहे: स्थिर रचना आधी, हलणारी नंतर.