पाणिग्रहण आणि सप्तपदी

कोल्हापुरातल्या मंगल कार्यालयात अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि हार घातले गेले की लग्न लागले असे समजून बहुतेक पाहुणे पंगतीकडे वळतात. शास्त्राच्या दृष्टीने ज्यांना खरे महत्त्व आहे ते दोन विधी त्यानंतर होमाजवळ होतात, आणि तिथे थांबलेली मोजकी मंडळीही पुष्कळदा पाणिग्रहण आणि सप्तपदी एकच मानतात.

पाणिग्रहण हा विवाहासाठीचा फार जुना शब्द आहे. ‘पाणि’ म्हणजे हात आणि ‘ग्रहण’ म्हणजे धरणे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने विवाहाच्या पर्यायांत दिलेला ‘पाणिपीडन’ हा शब्दही हात घट्ट धरण्याविषयीच बोलतो. पत्रिकेत ‘पाणीग्रहण’ असे दीर्घ छापले की कन्यादानातली पाण्याची धार आठवते. परंतु मराठीतले ‘पाणी’ संस्कृत ‘पानीय’ या शब्दावरून आले असून त्याचा येथे काहीही संबंध नाही. कन्यादान वधूचे आईवडील करतात, तर पाणिग्रहणात वर स्वतः वधूचा हात धरतो आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सूर्यासूक्तातला ‘गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्’ हा मंत्र म्हणतो, म्हणजे सौभाग्यासाठी मी तुझा हात धरतो. एका विधीच्या नावाने पुढे सगळा विवाहच ओळखला जाऊ लागला.

सप्तपदीत हात धरण्यापेक्षा चालणे महत्त्वाचे. महाराष्ट्रात तांदळाच्या सात लहान राशींवरून वधू एकेक पाऊल टाकते. अन्न, बळ, संपत्ती, सुख, संतती आणि ऋतू यांसाठी सहा पावले झाल्यावर सातव्याला आश्वलायन गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या प्राचीन ग्रंथातले ‘सखा सप्तपदी भव’, म्हणजे सातव्या पावलाने माझी सखी हो, हे शब्द येतात, आणि सगळ्या विवाहविधीत मला हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. हिंदी चित्रपटांतले सात फेरे म्हणजे अग्नीला घातलेल्या प्रदक्षिणा. त्यांना सप्तपदी म्हणणे चूक आहे.

या दोन विधींचे नाते मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात स्पष्ट झाले आहे: पाणिग्रहणाचे मंत्र हे पत्नीत्वाचे निश्चित लक्षण होय, मात्र त्यांची पूर्तता सातव्या पावलावर होते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 मध्येही, ज्या पक्षाच्या रूढीत सप्तपदी आहे तिथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो, असे म्हटले आहे. ज्यांच्या रूढीत ती नाही, त्यांच्यावर कायदा तिची सक्ती करत नाही.

कोल्हापूरकरांना या मंत्रांचा विचार करताना वेदोक्त प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही. पाणिग्रहणाचा मंत्र वेदातला, आणि शाहू महाराजांच्या काळी याच नगरीत तो वाद पेटला तो वेदमंत्रांनी संस्कार करून घेण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नावरूनच.