ड्युअल बूट

एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम वेगवेगळ्या जागेत बसवायच्या आणि संगणक सुरू करताना त्यांतली एक निवडायची, या व्यवस्थेला ड्युअल बूट म्हणतात. एका वेळी एकच सिस्टिम चालते. दुसरीत जायचे तर संगणक रीस्टार्ट करावा लागतो. आपल्याकडे ही जोडी बहुतेक वेळा विंडोज आणि लिनक्सची असते, आणि लिनक्स म्हणजे बहुधा उबुंटू किंवा मिंट. इंटेलच्या मॅकवर २००६ पासून बूट कॅम्प वापरून विंडोज टाकता येत असे. २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या चिपचे मॅक आणले आणि त्यांवर ही सोय ठेवली नाही.

दोन्ही सिस्टिम एकमेकींचा विचार करून लिहिलेल्या नाहीत. यंत्र आपल्या एकटीचेच आहे असे प्रत्येकीने धरलेले असते. डिस्क, घड्याळ, बूटचा क्रम, सगळ्यांवर दोघींचा हक्क. ड्युअल बूटमधली जवळपास प्रत्येक कटकट इथूनच निघते.

नागपुरात हा उद्योग मुख्यतः इंजिनिअरिंगची मुले करतात. व्हीएनआयटी असो की हिंगणा रोड, वर्धा रोडवरची कॉलेजे, ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला शेल स्क्रिप्ट आणि फोर्क आले की लिनक्स लागतेच. खेळ, ऑफिस आणि घरच्यांची कामे मात्र विंडोजवर. लॅपटॉप एकच, तोही घरच्यांनी घेऊन दिलेला, म्हणून विंडोज उडवण्याची हिंमत होत नाही. दुसरा गट जुन्या मशीनवाल्यांचा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर मागते. धडधाकट मशीन भंगारात देण्यापेक्षा त्यावर लिनक्स टाकून बघू, पण जुनी विंडोजही असू दे, असा हा हिशेब असतो.

बूटचा क्रम समजून घेतला की निम्मे काम झाले. चालू करताच मदरबोर्डवरचा जो प्रोग्राम सर्वांत आधी जागा होतो तो बायोस. जुन्या बायोसच्या संगणकात डिस्कचे पहिले ५१२ बाइट म्हणजे एमबीआर. त्यात ४४६ बाइटचा बूट कोड, ६४ बाइटचा पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांचा, तक्ता आणि शेवटी २ बाइटची खूण. तक्त्यात जागा चारच प्रायमरी पार्टिशनना. बूट कोडची जागा एकच असल्यामुळे जी सिस्टिम शेवटी टाकाल ती आधीच्या सिस्टिमचा कोड पुसून आपला लिहिते. लिनक्सचा ग्रब हा बूट लोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, विंडोजला आपल्या यादीत घेतो, विंडोज मात्र लिनक्सची दखलही घेत नाही. म्हणून विंडोज आधी आणि लिनक्स नंतर, हा नियम पडला.

बायोसच्या जागी यूईएफआय आल्यावर हा पेच बराच सुटला. डिस्कवर फॅट३२ चे एक लहानसे ईएफआय पार्टिशन असते. विंडोज ते साधारण १०० एमबीचे करते. त्यात प्रत्येक सिस्टिम आपापल्या फोल्डरमध्ये बूट लोडर ठेवते आणि कोणता आधी चालवायचा याची यादी मदरबोर्डच्या मेमरीत राहते. पार्टिशनचा तक्ता इथे जीपीटी पद्धतीचा. चारची मर्यादा जाते, विंडोजवर १२८ पर्यंत पार्टिशन पाडता येतात. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर विंडोज स्वतःला यादीत वर चढवते तेव्हा लिनक्स गेले असे वाटते, पण ते जागेवरच असते. उलटही होते. ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, दुसरी सिस्टिम शोधण्याची सोय मुळात बंद करून ठेवलेली आहे. लिनक्सच्या काही वितरणांत (आवृत्त्यांत) ती हाताने सुरू करावी लागते. नागपुरातल्या बर्डीवरच्या दुरुस्तीच्या दुकानात हा संवाद ठरलेला:

‘काका, विंडोज दिसूनच नाही राहिलं.’

‘उडालं नाही ना बापा, तिथंच आहे. फॉर्मॅट नको मारू फक्त.’

यातले दुसरे वाक्य महत्त्वाचे. घाबरून फॉर्मॅट मारणाऱ्यांचा डेटा जितका जातो तितका ड्युअल बूटमुळे जात नाही.

प्रत्यक्ष काम असे चालते. आधी डेटा बाहेरच्या डिस्कवर काढायचा. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी किंवा डी ड्राइव्ह आक्रसून जागा मोकळी करायची; उबुंटूला किमान २५ जीबी लागतात, ५० असतील तर बरे. काही सिस्टिम फाइली जागच्या हलत नाहीत, त्यामुळे ड्राइव्हमध्ये भरपूर जागा दिसत असूनही विंडोज थोडीच सोडते. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह रूफस किंवा व्हेंटॉयने बूटेबल करून त्यावरून लिनक्स सुरू करायचे आणि मोकळ्या जागेत बसवायचे. इंटेलच्या काही लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. तिथे बायोसमध्ये आरएसटी किंवा व्हीएमडी ही डिस्क हाताळण्याची इंटेलची सेटिंग चालू असते. ती सेटिंग थेट बदलली तर विंडोज सुरू होताना अडकते, आधी विंडोज सेफ मोडवर लावून मगच बदलावी. डेस्कटॉपवाल्यांनी हे काम यूपीएस नसताना करू नये, आणि मे महिन्यात तर नाहीच. पारा पंचेचाळीसवर, सगळ्या मोहल्ल्यात कूलर चालू, आणि पार्टिशन सरकवताना ऐन वेळी लाइन गेली की तक्ता अर्धवट राहतो.

घड्याळाचा घोळ सर्वांत जास्त चक्रावणारा. मदरबोर्डवरच्या घड्याळाला फक्त वेळ कळते, ती कुठली हे नोंदवायला त्यात जागा नसते. विंडोज ती स्थानिक वेळ मानते, लिनक्स जागतिक वेळ. लिनक्सने घड्याळ लावून ठेवले आणि नंतर विंडोज उघडली, तर नागपुरात सकाळचे १० वाजलेले असताना पडद्यावर पहाटेचे साडेचार दिसतात. विंडोजने लावले असेल तर लिनक्समध्ये दुपारचे साडेतीन. फरक नेमका साडेपाच तासांचा, कारण भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या तेवढीच पुढे आहे. इंटरनेट असेल तर थोड्या वेळाने दुरुस्ती होते. हॉस्टेलचे नेट बंद असले की होत नाही आणि फाइलींवर चुकीची वेळ चढत राहते. बॅटरी गेली समजून मदरबोर्डवरचा सेल बदलून घेणारेही आहेत. सेल खराब झाला असता तर फरक असा ठरलेला आला नसता. उपाय एका आज्ञेचा: लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगावे किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत जागतिक वेळेची नोंद करावी. दोन्ही एकदम केले तर घोळ फक्त बाजू बदलतो.

विंडोज ८ पासून आलेला फास्ट स्टार्टअप हाही असाच छुपा त्रास. शट डाउन केले तरी विंडोज पुरती बंद होत नाही, सिस्टिमचा भाग डिस्कवर झोपवून ठेवते. अशा ड्राइव्हवर लिनक्सला लिहू दिले जात नाही, फक्त वाचता येते. दोन्हींकडून एकच डी ड्राइव्ह वापरायचा असेल तर ही सोय बंदच ठेवावी. विंडोजला मात्र लिनक्सचे एक्स्ट४ पार्टिशन सरळ वाचता येत नाही, त्यामुळे सामाईक फाइली विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवणेच सोयीचे.

नव्या लॅपटॉपवर बहुधा बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असतो. बूटची मांडणी बदलताच तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खाते कित्येकदा लॅपटॉप घेतानाच दुकानात घाईने उघडून दिलेले असते. पासवर्ड कुणालाच आठवत नाही. पेन ड्राइव्ह लावण्याआधी ही की कागदावर लिहून घ्यावी. मान्य सही नसलेला बूट लोडर अडवणारा सिक्युअर बूट मोठ्या वितरणांना अडवत नाही, कारण त्यांचा शिम हा पहिला टप्पा मायक्रोसॉफ्टच्या सहीने येतो. तरी ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोज अपडेटने जुने शिम बाद ठरवले आणि अनेक ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स सुरू होईना.

मराठी कामाच्या दृष्टीने एक अडचण वेगळी. महालात आणि बर्डीत पत्रिका, अहवाल, स्मरणिका लावून देणाऱ्या डीटीपीवाल्यांचा वर्षानुवर्षांचा मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत आहे. तो लिनक्सवर उघडला की अक्षरांऐवजी खुणांचा चिवडा दिसतो. युनिकोडमधल्या मजकुराला हा धोका नाही, इनस्क्रिप्टचा कीबोर्डही दोन्हीकडे मिळतो. फक्त लिनक्सवर विंडोजचा मंगल फाँट नसल्याने ओळी सरकतात. पेजमेकर आणि टॅली ज्यांच्या रोजीरोटीचे आहेत त्यांनी विंडोज काढण्याचा विचारही करू नये.

नुसते प्रॅक्टिकलपुरते लिनक्स हवे असेल तर एवढा खटाटोप लागत नाही. विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल किंवा व्हर्च्युअलबॉक्स पुरते, फक्त रॅम बऱ्यापैकी हवी. दोन स्वतंत्र एसएसडींवर दोन सिस्टिम ठेवणे सर्वांत निर्धोक, पण लॅपटॉपमध्ये दुसरा स्लॉट असतोच असे नाही.

काढतानाही क्रम पाळावा लागतो. विंडोजमधून लिनक्सचे पार्टिशन सरळ डिलीट केले तर ग्रबच्या फाइली जातात, यादीत त्याचे नाव मात्र वर राहते. पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ग्रब रेस्क्यूची एक ओळ येऊन थांबते. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजरला पहिला क्रमांक द्यावा, एकदा सुरू करून पाहावे, मग पार्टिशन काढावे, आणि शेवटी ईएफआय पार्टिशनमधले लिनक्सचे उरलेले फोल्डर पुसावे.