भांग चढते तेव्हा मेंदूत काय होतं?

महाशिवरात्रीला नागपुरात भांगेची थंडाई घेतलेला माणूस अर्ध्या तासानं हमखास म्हणतो, "मला तं काहीच होऊन नाही राहिलं," आणि दुसरा ग्लास उचलतो. घोळ इथंच होतो. भांगेतलं नशा आणणारं द्रव्य म्हणजे टीएचसी. पोटातून गेलं की ते आधी यकृतात बदलतं आणि अंमल दिसायला तास-दोन तास लागू शकतात.

टीएचसीची रचना १९६४ मध्ये इस्रायलच्या राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली. ते चेतापेशीवर ज्याला जाऊन चिकटतं त्या सीबी-१ रिसेप्टरचं जनुक मात्र १९९० मध्ये सापडलं. हा रिसेप्टर काही भांगेची वाट पाहत बसलेला नाही. आनंदामाइड आणि टू-एजी ही त्याची खरी द्रव्यं मेंदू स्वतःच बनवतो. त्यांचा प्रवासही उलटा. इतवारी बाजारातल्या गिऱ्हाईकानं "बस्स, आता पुरे" म्हणत दुकानदाराचा हात धरावा, तशी संदेश घेणारी पेशी संदेश देणाऱ्या पेशीला आवरते. हे २००१ मध्ये स्पष्ट झालं.

आवरते कशी? काही काम झटपट होतं: रिसेप्टरला जोडलेलं जी-प्रथिन पेशीत कॅल्शियम शिरायच्या वाटा थेट रोखतं आणि संदेश नेणारं रसायन सोडणं मंदावतं. पण तेच जी-प्रथिन चक्रीय एएमपी नावाच्या रेणूचं उत्पादनही घटवतं, आणि त्या रेणूवर चालणारं प्रोटीन कायनेज-ए सुस्तावतं. कायनेजचं काम एवढंच, एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनावर बसवायचा. एवढ्याशा फॉस्फेटनं प्रथिनाचं वागणं बदलतं. हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागातल्या पेशींमध्ये पोटॅशियमच्या काही वाहिन्यांवर हा फॉस्फेट कमी बसला, की पोटॅशियम सहज बाहेर पडतो आणि पेशी चटकन पेटत नाही. नशेत आत्ताच बोललेलं वाक्य हरवतं, त्यामागे या भागाची अशी मंदावलेली कामं आहेत.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. सीबी-१ एका कायनेजला झोपवतो, त्याच वेळी ईआरके नावाच्या दुसऱ्याला जागं करतो. ईआरकेचा निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि कोणती जनुकं चालू व्हावीत हे बदलू शकतो. म्हणजे भांग नुसती मेंदू "बंद" करते, हे गल्लीतलं निदान अर्धवटच म्हणायचं.

रोज घेणाऱ्याला तेवढ्याच मात्रेत मजा येईनाशी होते, त्यातही कायनेजचा हात असतो. यावेळी फॉस्फेट बसतो खुद्द रिसेप्टरवर. मग अरेस्टिन नावाचं प्रथिन त्याला धरतं आणि रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो. रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या पीईटी (PET) स्कॅनमध्ये सीबी-१ कमी दिसले आहेत. सुमारे चार आठवडे गांजा सोडल्यावर मेंदूच्या बाह्य थरातली ही घट भरून निघाली.