भात शेवटी का येतो: कोरियन-फ्रेंच टेस्टिंग मेन्यूची पार्श्वभूमी

कोरियन-फ्रेंच जेवण म्हटलं की लोण्यात परतलेली किमची, म्हणजे आंबवलेली तिखट कोबी, डोळ्यांपुढे येते. पण माझ्या मते खरा पेच चवींचा नव्हता, वाढण्याचा होता.

कोरियात भात, रस्सा आणि बानचान, म्हणजे तोंडीलावण्याच्या बश्या, एकदमच समोर मांडतात. बानचान किती यावर जेवणाचा थाट ठरे: ३, ५, ७, ९ आणि राजासाठी १२. डावी-उजवी बाजू सांभाळून ताट वाढणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. टेस्टिंग मेन्यूत मात्र दोन-तीन घासांचे पदार्थ एकामागून एक येतात आणि त्यांचा क्रम शेफ ठरवतो.

हा क्रम फ्रान्सचाही मूळचा नाही. तिथल्या मेजवान्यांतही पूर्वी पदार्थ एकदम मांडत. एकेक पदार्थ आणून वाढण्याला फ्रेंच लोक ‘रशियन पद्धत’ म्हणतात; १८१० च्या सुमारास पॅरिसमधले रशियन राजदूत कुराकिन यांनी ती रूढ केली असं मानतात. पुढे १९७० च्या दशकात नूव्हेल क्विझीनच्या, म्हणजे हलक्या, नव्या धर्तीच्या फ्रेंच स्वयंपाकाच्या शेफांनी काइसेकी या लहान-लहान पदार्थांच्या जपानी जेवणाकडे पाहून पदार्थ आणखी लहान केले.

कोरिया आणि फ्रान्सचा करार १८८६ चा. राजा गोजोंगच्या दरबारात पाश्चात्त्य जेवण रुळलं त्यात अल्सेसमध्ये जन्मलेल्या आन्त्वानेत झोन्टाग यांचा मोठा हात होता. पण ते राजवाड्यापुरतंच राहिलं. नंतर जपानी राजवट आली, मग १९५०-५३ चं युद्ध. पोटभर मिळण्याचीच भ्रांत, तिथे अशा प्रयोगांना कुठली सवड!

खरी सुरुवात परदेशी शिकून आलेल्या पिढीने केली. लष्करी सेवेत स्वयंपाकाची गोडी लागलेले यिम जंग-शिक न्यूयॉर्क राज्यात पाककला शिकले आणि २००९ मध्ये त्यांनी सोलमध्ये ‘जंगशिक’ काढलं. २०११ मध्ये न्यूयॉर्कची शाखा उघडली तीही कुठे, तर ‘शान्तरेल’ हे गाजलेलं फ्रेंच रेस्टॉरंट बंद पडलं होतं, त्याच हॅरिसन स्ट्रीटवरच्या जागेत. डिसेंबर २०२४ मध्ये तिला मिशलिन या रेस्टॉरंटना दर्जा देणाऱ्या मार्गदर्शिकेचे ३ तारे, म्हणजे तिचा सर्वोच्च दर्जा, मिळाले. अमेरिकेतल्या कोरियन रेस्टॉरंटला हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

चवीचा विचार मला सगळ्यात खोल दिसतो तो सोलच्या ‘मिंगल्स’मध्ये. कांग मिन-गू यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या या ठिकाणाचा पाया ‘जांग’, म्हणजे मुरवलेल्या सोयाबीनचे कोरियन सॉस, आहे. सोयाबीन शिजवून, कुटून त्याच्या विटा थापतात, पेंढ्याने बांधून टांगतात, मग मातीच्या रांजणात मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवतात. निथळलेलं पाणी ते गानजांग, खालचा लगदा ते द्वेन्जांग. तिखट गोचुजांग वेगळं करतात. कांग यांनी हे तिन्ही गोडात आणले: क्रेम ब्रुले या फ्रेंच कस्टर्डमध्ये द्वेन्जांग, पेकन नटला गानजांग, फुलवलेल्या धान्याला गोचुजांग, सोबत व्हॅनिला आइसक्रीम. जळक्या साखरेचा पापुद्रा फ्रेंच, खालचा खारट-मुरलेला गोडवा कोरियन, आणि चमच्यात दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

भाताचं काय, हा प्रश्न उरतोच. अशा मेन्यूत तो बहुधा मुख्य पदार्थानंतर, गोडाच्या आधी येतो, आपल्याकडच्या मागच्या भातासारखा. इतका वेळ पदार्थ एकेक येत असतात. भात येतो तो मात्र रस्सा आणि दोन-तीन बानचान सोबत घेऊन, सगळं एकदम.