पहिली आरव्ही घेताय? अमेरिकेतलं लायसन्स, लोन, टायटल आणि बाकीचे कागद

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना कधी ना कधी ही हुक्की येतेच, की हॉटेलं बास झाली, आता आरव्ही, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेलं चाकांवरचं घर, घ्यायची आणि पोरांना घेऊन सगळी नॅशनल पार्कं पालथी घालायची. मग दोन महिने व्हिडिओ बघण्यात जातात, बंक बेड हवा का, सोफ्याचा बेड होतो का, बाथरूममध्ये माणूस नीट उभा राहतो का, आणि कागदांचं बघायची वेळ येते ती थेट डीलरच्या टेबलावर पेन हातात धरल्यावर. मीही तेच केलं म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट डोक्यात ठेवा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आरव्ही म्हणजे अर्धी गाडी आणि अर्धं घर, आणि जे घोळ होतात ते बरोबर या दोघांच्या जोडावर होतात. कायदा तिला कधी गाडी धरतो कधी घर, बँकेचं वेगळं, इन्शुरन्सवाल्याचं वेगळं, त्यामुळे "कार घेतली तेव्हा असंच केलं होतं" हे इथे निम्मंच चालतं.

आधी प्रकार ठरवा, कागद त्यावर ठरतात

स्वतःचं इंजिन असलेली ती मोटरहोम आणि दुसऱ्या गाडीला जोडून ओढायची ती टोएबल. मोटरहोममध्ये क्लास ए म्हणजे बससारखी मोठी, क्लास बी म्हणजे व्हॅनच आतून घर केलेली, आणि क्लास सी म्हणजे पुढे व्हॅन किंवा ट्रकचं तोंड आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड. ओढायच्यात साधा ट्रॅव्हल ट्रेलर आणि पिकअपच्या हौद्यातल्या जोडणीला अडकवून ओढायची फिफ्थ व्हील हे दोन मुख्य.

ए बी सी ही अक्षरं लायसन्सलाही असतात आणि त्या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. कॅलिफोर्नियात आपलं रोजचं कारचं लायसन्सच क्लास सी आहे, म्हणून कुणी "क्लास सी मोटरहोमला क्लास सी लागतं, मग क्लास एला क्लास ए लागत असेल" असा हिशोब लावून घाबरतं. तसं नाहीये.

लायसन्स

ट्रकवाल्यांना लागतं ते सीडीएल घरच्या वापराच्या आरव्हीला सहसा लागत नाही, २६,००१ पाउंडाची जी मर्यादा सगळीकडे ऐकू येते ती धंद्याच्या गाड्यांची. पण लायसन्स हा विषय राज्याचा आहे आणि काही राज्यांनी मोठ्या आरव्हीसाठी नॉन-कमर्शियल वेगळा क्लास ठेवलाय. टेक्सासमध्ये २६,००० पाउंडांच्या वरच्या मोटरहोमला एक्झेम्प्ट क्लास बी, म्हणजे सीडीएल नसलेलं क्लास बी, लागतं. कॅलिफोर्नियात मोटरहोम ४० फुटांपर्यंत असेल तर साधं लायसन्स चालतं, त्याच्यावर ४५ फुटांपर्यंत नॉन-कमर्शियल क्लास बी. ट्रॅव्हल ट्रेलर १०,००० पाउंडांच्या वर गेला की तिथे नॉन-कमर्शियल क्लास ए, आणि फिफ्थ व्हीलला १०,००० ते १५,००० पाउंडांच्या मध्ये लायसन्सवर वेगळी नोंद करून घ्यावी लागते, त्यापुढे तीही क्लास ए.

आणि हे वजन म्हणजे गाडीचं आजचं वजन नाही, स्टिकरवर छापलेलं जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सगळं सामान भरून ती जास्तीत जास्त किती असू शकते तो आकडा. विक्रेता बोलता बोलता सुक्या, म्हणजे रिकाम्या गाडीच्या वजनाचा आकडा सांगतो, तो ऐकून डीएमव्हीचा (राज्याचं लायसन्स आणि रजिस्ट्रेशनचं खातं) नियम लावू नका. आपल्या राज्याचं ड्रायव्हर हँडबुक उघडून तो एक परिच्छेद स्वतः वाचा, डीलर "कुछ नहीं लगता" छाप उत्तर देतो आणि तुम्ही विचारायला गेलात तेव्हा तो कागदावर काही लिहून देत नाही.

कोण घेऊ शकतं

सिटिझन किंवा ग्रीन कार्डवालाच पाहिजे असं काही नाही. एच-१बी, एल-१ अशा कामाच्या व्हिसावर असाल तरी गाडी तुमच्या नावावर होते, बहुतेक राज्यांत करार करायला १८ वर्षं पूर्ण हवीत एवढंच. अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे लायसन्स, व्हिसावाल्यांचं लायसन्स बहुतेक राज्यांत आय-९४ च्या (देशात किती दिवस राहता येईल ते सांगणारी नोंद) तारखेपर्यंतच मिळतं, म्हणजे मुक्कामाचं एक्स्टेन्शन लटकलेलं असताना खरेदीला जाऊ नका, नाहीतर आरव्ही दारात आणि लायसन्स संपलेलं अशी गत. दुसरं म्हणजे लोन.

लोन आणि त्याला काय काय मागतात

इथे आरव्हीचा घरपणा दिसतो. कारचं लोन पाच सहा वर्षांचं, आरव्हीचं १०, १५, कधी २० वर्षांचंही देतात. हप्ता छोटा दिसतो म्हणून माणूस खूश होतो, पण गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाझप उतरते आणि मुद्दल मात्र तिथल्या तिथे, मग विकायची म्हटली की हातात येणारे पैसे लोनपेक्षा कमी आणि वरचे खिशातून भरायचे. माझं स्पष्ट मत, पहिली आरव्ही जुनी घ्या आणि लोन जितकं आखूड तितकं बरं, पण हप्ते तुम्हीच भरणार आहात.

कागद म्हणाल तर लायसन्स, सोशल सिक्युरिटी नंबर, पत्त्याचा पुरावा, अलीकडच्या पे स्टब (पगाराच्या स्लिपा), डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा फॉर्म), रक्कम मोठी असेल तर दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न आणि कधी कधी तुमची मालमत्ता आणि देणी लिहिलेलं आर्थिक पत्रकही. व्हिसावाल्यांना पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसाचा अर्ज मंजूर झाल्याचं पत्र) आणि आय-९४ मागतात, आणि व्हिसा दोन वर्षांचा असताना पंधरा वर्षांचं लोन द्यायला बरेच जण कां कूं करतात. आपल्या क्रेडिट युनियनमधून (सभासदांची पतपेढी) आधी प्रीअप्रूव्हल, म्हणजे लोनची आगाऊ मंजुरी, घेऊन मगच डीलरकडे जा.

घरपणाचा एक फायदाही आहे. आरव्हीत झोपायची, स्वयंपाकाची आणि टॉयलेटची सोय असेल तर आयआरएस, म्हणजे केंद्राचं टॅक्स खातं, तिला दुसरं घर धरू शकते आणि त्या आरव्हीवरच तारण असलेल्या लोनचं व्याज वजावटीत दाखवता येतं. पण तुम्ही आयटमाइझ करत असाल, म्हणजे एकेक वजावट वेगळी दाखवत असाल तरच, आणि आपल्यातले बरेच जण स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे ठरावीक सरसकट वजावटच घेतात, त्यामुळे सेल्समनने हे आमिष म्हणून सांगितलं तर मान हलवा आणि पुढे चला.

पिवळा स्टिकर

हा सरकारी कागदच समजा, फक्त दारावर चिकटवलेला. मोटरहोम असो की ट्रेलर, माणसं आणि सामान मिळून किंवा नुसतं सामान किती पाउंड भरता येईल ते त्यावर लिहिलेलं असतं. बाहेरून राजवाडा दिसणाऱ्या गाडीत हा आकडा इतका छोटा निघतो की चार माणसं आणि त्यांच्या बॅगा बसल्या की संपला. पाणी विसरू नका, एक गॅलन पाणी म्हणजे साधारण ८.३ पाउंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पाउंड तिथेच गेले.

ओढायची घेत असाल तर आपल्या पिकअपच्या ड्रायव्हरच्या दारावरचा स्टिकरही बघा. जाहिरातीत "इतके हजार पाउंड ओढते" लिहिलेलं असतं ते एकीकडे, आणि प्रत्यक्षात ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर (ओढणाऱ्या गाडीची जोडणी) येतो, फिफ्थ व्हीलचा १५ ते २५ टक्के, आणि तो भार पिकअपच्या पेलोडमधून, म्हणजे ती स्वतःवर जेवढं वजन पेलू शकते त्यातून, वजा होतो. बायको, मुलं, कुत्रा सगळे त्याच पेलोडमध्ये. ओढायची ताकद शिल्लक असताना पेलोड आधी संपतो हे मला गाडी बुक केल्यावर कळलं, ते बुकिंग रद्द करायला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते सांगत नाही.

टायटल

गाडीची मालकी सांगणारा, सगळ्यात महत्त्वाचा कागद. नवी गाडी असेल तर कारखान्याकडून सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन येतं आणि त्यावरून तुमच्या नावाचं पहिलं टायटल निघतं, हे बहुधा डीलरच करतो. जुनी थेट माणसाकडून घेताना मात्र सगळं तुमच्यावर.

टायटलवरचं नाव आणि समोरच्याच्या लायसन्सवरचं नाव एकच आहे ना बघा. दोन नावं असतील तर मध्ये "अँड" आहे की "ऑर" ते बघा, अँड असेल तर दोघांच्याही सह्या लागतात, नवरा एकटाच विकायला आला असेल तर थांबा. मागे लोन घेतलेलं असेल तर टायटलवर लीन, म्हणजे बँकेच्या तारणाची नोंद, दिसतो, लोन फिटलं म्हणून तोंडी सांगून चालत नाही, बँकेचं लीन रिलीज पत्र हवं. लोन अजून चालू असेल तर व्यवहार त्या बँकेच्या शाखेत करा, पैसे आधी बँकेला आणि उरलेले विकणाऱ्याला.

सही चुकीच्या जागी झाली, खाडाखोड केली, व्हाइटनर लावला तर डीएमव्ही टायटल परत करते. आमच्या वेळी विकणाऱ्या काकांनी घाईत खरेदीदाराच्या रकान्यात स्वतःची सही ठोकली आणि मग वर रेघ मारून खाली परत केली, झालं, त्यांना डुप्लिकेट टायटल काढावं लागलं आणि आमची उन्हाळ्याची पहिली ट्रिप त्यातच गेली. तेव्हा टायटल आधी फोटो काढून नीट वाचा, कुठे कोणाची सही ते ठरवा आणि मगच पेन उघडा.

टायटलवरचा १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, गाडीवरच्या नंबरशी जुळवा. मोटरहोम दोन टप्प्यांत बनते, चासी एका कंपनीची आणि त्यावर घर बांधणारी दुसरी, त्यामुळे चासी आदल्या वर्षीची आणि घर पुढच्या वर्षीचं असं सर्रास असतं. फसवणूकच असेल असं नाही, पण टायटलवर, लोनवर आणि इन्शुरन्सवर तिन्हीकडे एकच वर्ष पडलं पाहिजे नाहीतर क्लेमच्या वेळी पंचाईत.

त्याच व्हीआयएनवर एनएचटीएसए या केंद्राच्या वाहन सुरक्षा खात्याच्या साइटवर रिकॉल (दोषामुळे कंपनीने दुरुस्तीला परत बोलावलेल्या गाड्या) फुकट बघता येतात, चोरी आणि सॅल्व्हेजसाठी (मोठं नुकसान होऊन इन्शुरन्सने मोडीत काढलेली गाडी) एनआयसीबी या इन्शुरन्स कंपन्यांच्या संस्थेचं व्हीआयएनचेक फुकट आहे, आणि थोडे पैसे भरून एनएमव्हीटीआयएस या राज्याराज्यांच्या टायटल नोंदींच्या यंत्रणेचा रिपोर्ट घ्या, त्यात आधीच्या राज्यांत टायटलवर सॅल्व्हेज किंवा फ्लडचा शिक्का बसला होता का ते कळतं. पुरात बुडालेली आरव्ही बाहेरून चकाचक करून दुसऱ्या राज्यात विकायला येते, आणि पाणी मुरलेलं घर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

ओडोमीटरचं निवेदनही, म्हणजे गाडी किती मैल चालली ते लिहून देणंही लागतं, २०११ आणि पुढच्या मॉडेलच्या गाड्यांना २० वर्षांपर्यंत, पण १६,००० पाउंडांच्या वरच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या गाड्यांना आणि ट्रेलरला सूट आहे. म्हणजे मोठ्या क्लास एमध्ये चाललेल्या मैलांची केंद्राच्या कायद्याने हमी नाही, सर्व्हिसच्या पावत्या मागा. टायरवर "डीओटी" छापलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आरव्हीचे टायर झिजत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात.

सही करण्याआधी

"तीन दिवसांत परत करता येते" हा समज डोक्यातून काढा. एफटीसी या केंद्राच्या ग्राहक संरक्षण संस्थेचा खरेदी रद्द करायचा कूलिंग ऑफ नियम डीलरच्या जागेवर केलेल्या खरेदीला लागू नाही. सारख्या बिघडणाऱ्या नव्या गाडीसाठीच्या लेमन लॉचंही तेच, बऱ्याच राज्यांत तो फक्त गाडीच्या भागाला आहे, कॅलिफोर्नियात मोटरहोमची चासी आणि चालवण्याचा भाग त्यात येतो, राहायचा भाग नाही. म्हणजे इंजिन सारखं बिघडलं तर कायदा, छत सारखं गळलं तर वॉरंटी आणि तुमचं नशीब. म्हणून स्वतंत्र इन्स्पेक्टर लावा, आणि ताबा घेताना पाणी, गॅस, वीज, फ्रिज, स्लाइड (बाहेर सरकून खोली वाढवणारा भाग) सगळं चालू करून दाखवायला लावा, जे चालत नाही ते त्यांच्याकडून लिहून घ्या. तारीख आणि सही असलेला कागद हातात आल्यावरच चावी घ्या.

इन्शुरन्स, टॅक्स, रजिस्ट्रेशन

मोटरहोमला स्वतःची पॉलिसी लागते. ट्रेलरची लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई) सहसा ओढणाऱ्या गाडीच्या पॉलिसीतून चालते पण ट्रेलरचं स्वतःचं नुकसान त्यात येत नाही, आणि लोन असेल तर बँक कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, आग, गारा वगैरे) आणि कोलिजन (टक्कर) मागतेच. वर्षभर त्यातच राहणार असाल तर फुल टायमर पॉलिसी हवी, सुट्टीची पॉलिसी घेऊन कायम राहिलात आणि क्लेमच्या वेळी कळलं तर कंपनी हात वर करते.

सेल्स टॅक्स सहसा जिथे रजिस्टर करता त्या राज्याचा लागतो, शेजारच्या राज्यातून घेतली म्हणून सुटत नाही. सेल्स टॅक्स नसलेल्या माँटानात कंपनी काढून टॅक्स वाचवायचं जे कोणीतरी सांगतं त्याच्या वाटेला जाऊ नका, राज्यं अशा लोकांच्या मागे लागतात आणि व्हिसावाल्याने तर असले उद्योग करूच नयेत.

डीलरकडून घेतली तर तात्पुरती प्लेट मिळते. माणसाकडून घेतली तर सही केलेलं टायटल, बिल ऑफ सेल (विक्रीची पावती), इन्शुरन्स, लायसन्स आणि राज्याचा टायटलचा अर्ज घेऊन डीएमव्हीत जायचं, टेक्साससारख्या ठिकाणी काउंटीच्या टॅक्स ऑफिसात. मुदत कॅलिफोर्नियात १० दिवस, टेक्सासमध्ये ३०. जुन्या पेट्रोलच्या मोटरहोमला कॅलिफोर्नियात सहसा स्मॉग (धूर तपासणी) सर्टिफिकेटही लागतं आणि ते द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, ट्रेलरला ही भानगड नाही. पत्ता राहायचा हवा, टायटलसाठी नुसता पीओ बॉक्स चालत नाही.

रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स कार्ड गाडीत ठेवा. टायटल मात्र गाडीत ठेवू नका, घरी किंवा लॉकरमध्ये, कारण आरव्ही चोरीला गेली तर तिच्यासोबत तुमच्या मालकीचा कागदही चोराच्या हातात जाईल.