तो फोटो १९३२ चा नाही, आणि विमान इंदूरला उतरलंही नव्हतं

दर १५ ऑक्टोबरला इंदूरच्या मराठी ग्रुपांवर जेआरडी टाटांचा छोट्या विमानाजवळचा फोटो फिरतो: ‘१९३२, भारतातलं पहिलं प्रवासी उड्डाण, इंदूरमार्गे मुंबई’. आधी चेहरा बघा. १९३२ मध्ये जेआरडी २८ वर्षांचे होते. फोटोतला माणूस पांढऱ्या केसांचा आहे. हा १९८२ मधल्या, त्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवी पुनरावृत्तीचा फोटो.

डोक्यावर टोपी असेल, तर पंख बघा. मूळ विमान पस मॉथ; त्याचा पंख मुळापासून जवळजवळ टोकापर्यंत सारख्याच रुंदीचा. पुनरावृत्तीचं लेपर्ड मॉथ, पंख टोकाकडे निमुळता. हे मॉडेल मुळात १९३३ मध्ये पहिल्यांदा उडालं! मूळ विमानाचा नोंदणी क्रमांक व्हीटी-एडीएन. पण फॉरवर्ड होऊन होऊन फोटोतली अक्षरं फुटतात, त्यामुळे पंखच भरवशाचा. रंगावर तर जाऊच नका, हल्ली जुने फोटो कुणीही रंगवतं.

उरलं ‘प्रवासी’ आणि ‘इंदूर’. १९३२ मध्ये त्या दिवशी विमानात टपाल होतं, सुमारे २५ किलो. मार्ग कराची-अहमदाबाद-जुहू, पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. इंदूर टाटांच्या नकाशावर आलं १९३७ मध्ये, भोपाळ-ग्वाल्हेरसोबत, मुंबई-दिल्ली सेवेमुळे.