डिजिटल गजराचं घड्याळ मागे-पुढे पडणं

बरोबर लावलेलं घड्याळ हळूहळू खऱ्या वेळेपासून सरकत जातं, त्यालाच मागे किंवा पुढे पडणं म्हणतात. आकडे दिसतात म्हणून डिजिटल घड्याळ काटेवाल्यापेक्षा अचूक असा समज आहे, पण सेलवरच्या दोन्ही घड्याळांच्या आत बहुतेक वेळा तोच क्वार्ट्झचा क्रिस्टल असतो.

हा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपतो आणि चिप ती कंपनं मोजते. साध्या क्रिस्टलमध्ये दहा लाखात २० इतका फरक चालवून घेतात, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, आणि वर्षभर हातच लावला नाही तर दहा मिनिटं इकडे-तिकडे. त्यात तापमान. साधारण २५ अंशाला तो नीट चालतो, त्याच्या वर गेलं काय नि खाली गेलं काय, मंदावतोच, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात ४५ अंशाच्या खोलीत दिवसाला आणखी सेकंदभर मागे.

प्लगवर चालणाऱ्या बऱ्याच एलईडी घड्याळांची गंमत वेगळी, ती विजेच्या फेऱ्या मोजतात, ५० फेऱ्या झाल्या की एक सेकंद. २०१८ च्या सुरुवातीला सर्बिया-कोसोवोच्या भांडणात युरोपच्या सामायिक ग्रिडला, म्हणजे विजेच्या जोडलेल्या जाळ्याला, वीज कमी पडली, फ्रिक्वेन्सी (सेकंदाच्या फेऱ्या) सरासरी ४९.९९६ हर्ट्झवर आली, आणि मार्चपर्यंत युरोपातल्या बऱ्याच देशांत ओव्हन आणि गजराची घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागे! अमेरिकेतून आणलेलं ६० हर्ट्झचं घड्याळ ट्रान्सफॉर्मर लावून इथे चालवलं तर तासाला दहा मिनिटं मागे पडतं, घड्याळाच्या पाठीवर ५०/६० चं बटण असेल तर तेवढं सरकवायचं, बस. लाइट गेल्यावर यातली बरीच घड्याळं ९ व्होल्टच्या सेलवर आतल्या कच्च्या ऑसिलेटरने (स्वतःच ठोके देणाऱ्या सर्किटने) वेळ काढतात, तो फारच बेभरवशाचा. स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरींवर तर काही घड्याळं चक्क पुढे पळतात.

म्हणून उघडायच्या आधी आठ-दहा दिवस मोबाईलच्या वेळेशी ताडून बघावं. रोज सारखाच फरक पडत असेल तर दोष क्रिस्टलचा, मधेच एकदम उडी मारत असेल तर लाइट, इन्व्हर्टर नाहीतर सैल सेल. क्रिस्टलजवळ त्याचा वेग किंचित बदलणारा छोटा स्क्रूसारखा ट्रिमर असेल तर (प्लग काढूनच!) तो केसभर फिरवायचा आणि परत आठवडाभर बघायचं, घाई केली की सगळं बिघडतं. स्वस्त घड्याळात ट्रिमर नसतोच, तिथे महिन्यातून एकदा वेळ लावणं हाच सरळ उपाय. स्वतः घड्याळ बनवणाऱ्यांनी डीएस३२३१ ही वेळ मोजणारी चिप घ्यावी, ती तापमान बघून स्वतःला सुधारते आणि वर्षाला मिनिटभराच्या आसपासच चुकते. जर्मनीतली रेडिओवर वेळ पकडणारी घड्याळं मात्र हौसेने आणू नयेत, तो सिग्नल भारतात पोचत नाही, मग ती साध्या क्वार्ट्झसारखीच चालतात.